सातपुड्यातलं खानदेश: धडगाव, मोलगी, तोरणमाळ भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेश म्हटलं की केळीच्या बागा, कापूस, वांग्याचं भरीत आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन एवढंच बहुतेकांना आठवतं. उत्तरेची डोंगररांग चोपड्यापासून तळोद्यापर्यंत कुठल्याही गच्चीवरून दिसते. पण तिच्यावर कोण राहतं, काय पिकवतं, बाजार कुठे करतं हे पायथ्याच्या माणसालाही नीट ठाऊक नसतं. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, फिरायला येणारे आणि बदलीची ऑर्डर धडगावची निघाली म्हणून हबकलेले शिक्षक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतलं आहे. उत्तरं पायथ्याच्या माणसाने लिहिलेली आहेत, हे वाचताना लक्षात असू द्या.

हा डोंगरी भाग नेमका कुठला?

नंदुरबार जिल्ह्याचा उत्तरेकडचा पट्टा. अक्राणी तालुका पूर्ण, अक्कलकुवा तालुक्याचा मोठा भाग आणि शहादा-तळोदा तालुक्यांची वरची किनार. उत्तरेला नर्मदा, पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. दक्षिणेला उतरलं की तापीचं खोरं, म्हणजे ऊस, केळी, पपई आणि कापसाचा सपाट मुलूख.

सातपुडा पूर्वेकडे धुळे जिल्ह्यात शिरपूरवरून आणि जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावल-रावेरवरून पुढे जातोच. यावलचं अभयारण्य त्याच रांगेत आहे. पण खानदेशाच्या हद्दीत सातपुडा सर्वांत रुंद आणि सर्वांत वस्तीचा आहे तो नंदुरबारात, म्हणून हे पान तेवढ्यापुरतं.

तालुका अक्राणी की धडगाव? फॉर्ममध्ये काय लिहू?

तालुका अक्राणी, मुख्यालय धडगाव. सरकारी कागदावर अक्राणी लिहा, एसटीच्या पाटीवर धडगाव शोधा.

दोन नद्या दोन्ही अंगांना आणि दोन्ही पश्चिमेला वाहतात, हे कसं?

दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. नर्मदा आणि तापी मात्र जमीन खचून तयार झालेल्या लांबट दऱ्यांतून पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातात. या दोन खचदऱ्यांच्या मध्ये उंच राहिलेला भाग म्हणजे सातपुडा. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. नर्मदा 1312 किलोमीटरची. त्यातला जेमतेम 54 किलोमीटरचा काठ महाराष्ट्राच्या वाट्याला आला आहे आणि तो सगळा याच डोंगरात आहे.

खडक बहुतेक बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शहादा, नंदुरबार, साक्री भागात फिरताना शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडी भिंतींसारख्या टेकड्या दिसतात. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. भूगर्भातल्या भेगांमध्ये लाव्हा थिजला आणि आजूबाजूचा नरम खडक झिजून गेला, तेव्हा त्या उघड्या पडल्या. भूशास्त्राचे विद्यार्थी त्या पाहायला लांबून येतात. आमच्याकडे त्यांचा उपयोग शेळ्या चारायला होतो.

तापीच्या बाजूने डोंगर एकदम उभा राहतो. घाट चढून वर गेलं की मात्र लाटांसारखा पठारी प्रदेश लागतो आणि मग पुन्हा नर्मदेकडे खोल उतार. गोमाईसारख्या नद्या दक्षिणेला तापीत जातात, धडगावकडची उदई उत्तरेला नर्मदेत. पाणी दोन्हीकडे उतरून जातं, डोंगरावर थांबत नाही. पावसाळ्यात धबधबे आणि मार्चपासून डोक्यावर हंडे, हे एकाच गावात दिसतं ते त्यामुळे.

सर्वांत उंच ठिकाण कोणतं? तोरणमाळच ना?

नाही. तोरणमाळचं पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. अस्तंभ्याचा डोंगर त्याहून उंच, तेराशे मीटरच्या वर. अश्वत्थामा आपल्या कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत याच डोंगरात फिरतो, अशी श्रद्धा आहे. दिवाळीच्या सुमारास इथे यात्रा भरते आणि नंदुरबार-तळोद्याकडून तरुणांचे जथे रात्रीच्या रात्री चढून जातात. ही सहल नव्हे. कडे उभे आहेत आणि अपघात झालेले आहेत. ओळखीच्या माणसांबरोबरच जा.

थंडीचा मान अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबकडे जातो. डिसेंबर-जानेवारीत तिथे गवतावरचं दव गोठतं आणि मग पेपरात ‘सातपुड्यात काश्मीर’ छापाची बातमी येते, दरवर्षी. त्याच थंडीच्या भरवशावर अलीकडे डाबला स्ट्रॉबेरी होऊ लागली आहे.

तोरणमाळला काय पाहायचं?

यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाईची दरी आणि गोरखनाथाचं स्थान. महाशिवरात्रीला यात्रा असते, त्या दिवसांत निवांतपणा मिळणार नाही. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, शेवटचा टप्पा सातपायरी घाटाचा. ऑगस्ट ते डिसेंबर उत्तम. महाबळेश्वरसारखा बाजार, घोडे, मक्याच्या कणसांच्या गाड्या अशी अपेक्षा असेल तर येऊ नका. नसेल तर नक्की या.

इथे राज्य कोणाचं होतं?

प्रश्न सोपा आणि उत्तर लांब, कारण खालच्या सपाटीवर राज्यं बदलत गेली आणि वर त्यांचा अंमल कधी पूर्ण बसला नाही.

सपाटीपासून सुरुवात करू. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे गावी 1955 च्या सुमारास उत्खनन झालं, त्यात ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे हजारो वर्षं इथे माणूस शेती करून राहतो आहे. आज प्रकाशे ओळखलं जातं ते दक्षिण काशी म्हणून, केदारेश्वर आणि इतर महादेवांच्या देवळांसाठी. चौदाव्या शतकाच्या शेवटी फारुकी सुलतानांनी खानदेशात आपलं राज्य उभं केलं. त्यांची सुरुवातीची राजधानी आजच्या शिरपूर तालुक्यातलं थाळनेर, पुढे बऱ्हाणपूर. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. सुरत बंदरातून बऱ्हाणपूरमार्गे उत्तरेला जाणारा व्यापारी रस्ता या पायथ्याने जात होता आणि नंदुरबार त्यावरचं मोठं ठाणं होतं. आजचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गही अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा असा सातपुड्याच्या कडेकडेनेच धावतो. या भागाला ‘कोपऱ्यातला’ म्हणणाऱ्यांनी एकदा नकाशात या रस्त्यावर बोट फिरवून पाहावं. मुंबईपासून लांब आहे हे खरं, पण सुरत इथून पूर्वीही जवळ होती आणि आजही आहे.

डोंगरात मात्र भिल्ल नाईक आणि छोटे संस्थानिक. अक्कलकुव्याकडच्या पट्ट्यात काठी, चिखली, सिंगपूर, नाला, गव्हाळी, नवलपूर अशी मेवासी संस्थानं होती. 1818 मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला आणि पहिली काही वर्षं त्यांची भिल्लांशी झटापट करण्यातच गेली. बंदुकीने काम होईना, तेव्हा 1825 मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली, ‘खानदेश भिल्ल कोअर’. तिचं ठाणं धरणगावला होतं. ज्याच्याकडून लुटीची भीती त्यालाच पगारी पहारेकरी करायचं, असा तो हिशोबी डाव होता.

डाव सगळ्यांवर चालला नाही. 1857 च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात इंग्रजांना पळता भुई थोडी केली. सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटला गेला. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. त्यात भिल्लांच्या बाजूने स्त्रियाही होत्या आणि इंग्रजांनी अनेकांना पकडून गोळ्या घातल्या. शाळेच्या पुस्तकात 1857 म्हणजे मेरठ, दिल्ली, झाशी. आपल्या उशाशी झालेली लढाई आमच्यातल्या अनेकांना नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करताना कळते.

स्वातंत्र्यलढ्यात शिरीषकुमारशिवाय आणखी कोणी होतं का?

होतं. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारच्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळीबारात गेले. शिरीषकुमार तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. त्यांचं स्मारक शहरात आहे आणि त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात.

त्याआधी 1938 मध्ये तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी आदिवासींमध्ये दारू सोडण्याची, स्वच्छतेची आणि सामूहिक आरतीची चळवळ सुरू केली होती. हजारो लोक जमू लागले. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी चळवळ पुढे नेली. सरकारला आरतीपेक्षा गर्दीची भीती वाटत होती. मार्च 1943 मध्ये रावलापाणीच्या दरीत जमलेल्या या लोकांवर गोळीबार झाला आणि अनेक आदिवासी मारले गेले. ओढ्यातल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात. नंदुरबारला येणारे पाहुणे शिरीषकुमारांच्या स्मारकाला जातात. रावलापाणीला फारसे कोणी जात नाहीत.

जिल्हा कधी झाला?

1906 मध्ये इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला तो 1 जुलै 1998 रोजी. सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी. क्षेत्रफळ 5955 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 16,48,295. पैकी सुमारे 69 टक्के अनुसूचित जमातींची.

डोंगरात कोण राहतं? कोणती भाषा बोलतात? अहिराणी चालेल का?

भिल्ल आणि पावरा हे दोन मोठे समाज. अक्राणीत पावरा जास्त. आपले पूर्वज पावागडाकडून आले असं त्यांची परंपरा सांगते. अक्कलकुव्याकडे वसावे, पाडवी, तडवी ही आडनावं भरपूर. नवापूरकडे मावची, गावित, कोकणी. भाषा भिलीच्या अनेक बोली: पावरी, देहवाली, मावची वगैरे. एका घाटाच्या या आणि त्या बाजूला बोलीत फरक पडतो.

अहिराणी सपाटीची. बाजारात दुकानदाराशी बोलायला चालते, वर पाड्यावर आजीशी बोलायला नाही. पहिलीच्या मुलाला घरी पावरी, वर्गात पुस्तकी मराठी, बाजारात अहिराणी-गुजरातीची सरमिसळ ऐकावी लागते, आणि आपण म्हणतो की पोरगं ‘बोलत नाही’. बदली होऊन आलेल्या शिक्षकांना एकच सांगणं आहे: पहिल्या महिन्यात पन्नास शब्द शिकून घ्या, बाकी सगळं सोपं जाईल.

वस्ती अशी विखुरलेली का असते?

प्रत्येक घर आपापल्या शेतात. गाव म्हणजे सात-आठ पाडे, दोन पाड्यांमध्ये एक टेकडी. शासनाच्या योजना ‘गाव’ धरून आखतात. टाकी मुख्य पाड्यावर, अंगणवाडी मुख्य पाड्यावर. मग लांबच्या पाड्याला कागदावर सगळं मिळालेलं असतं.

शेती कसली होते?

उतारावरची, पावसावरची. डोंगरी ज्वारी, मका, तूर, उडीद, मोर आणि बर्टीसारखी बारीक धान्यं, थोडं भात. एकाच तुकड्यात चार-पाच पिकं मिसळून पेरतात. एखादं गेलं तरी दुसरं हाती लागतं. जुन्या वाणांचं बी घरात राखेत घोळून, भोपळ्याच्या तुंब्यात नाही तर बांबूच्या कणगीत ठेवलेलं असतं. गेल्या काही वर्षांत धडगाव भागात गावांनी बियाणे बँका उभ्या केल्या आहेत, त्यात मका-ज्वारीचे कितीतरी वाण जपलेत.

जमिनीचा कागद हा वेगळा विषय. पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या नोंदीत जंगल म्हणून लागलेली. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर दावे दाखल झाले, काहींना पट्टे मिळाले, काहींचे दावे अजून फायलीत फिरतात. पट्टा नाही तर पीककर्ज नाही, विहिरीचं अनुदान नाही.

मग पैसा येतो कुठून?

जंगलातून आणि मजुरीतून. आधी जंगल.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. घरातली सगळी माणसं, लहान पोरंसुद्धा, पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली. कोणतं झाड कोणाचं हे ठरलेलं असतं, त्यावरून वाद फार होत नाहीत. फूल वाळवून ठेवतात. काही खायला, काही जनावरांना, काहीची दारू, कारण देवाच्या धारेला ती लागतेच. उरलेलं व्यापाऱ्याला. फुलं गोळा करण्यावर आणि नेण्यावर पूर्वी परवान्यांचा जाच होता. 2021 मध्ये राज्याने तो सैल केला. पुढे पावसाच्या तोंडावर मोहाची फळं येतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं. चारोळी आणि तेंदूपत्ताही याच उन्हाळ्यातले.

पण रोख पैशाचं खरं पीक म्हणजे आमचूर. धडगाव-मोलगी भागात गावठी आंब्याची झाडं अफाट आहेत. कैरी पिकू न देता उतरवायची, सोलायची, चकत्या करून खडकांवर, अंगणात, घराच्या कौलांवर वाळत घालायची. एप्रिल-मेमध्ये या भागातून गेलात तर उतारच्या उतार पांढुरके दिसतात. रंग जितका पांढरा तितका भाव बरा. एक अवकाळी सर आली की माल काळा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. मोलगी आणि धडगावच्या बाजारात व्यापारी तो माल तोलून घेतात, तिथून तो मोठ्या शहरांच्या मसाला बाजारात जातो. तुमच्या पाणीपुरीच्या मसाल्यात सातपुड्याची कैरी असण्याची शक्यता बरीच आहे. पाकिटावर मात्र तिचं गाव छापलेलं नसतं. सोलण्याची, वाळवण्याची सगळी मेहनत वर. दळण्याचा, पाकिटात भरण्याचा आणि नावाचा नफा खाली. महिला बचत गटांनी हे बदलायची सुरुवात केली आहे, पण घरात मीठ-तेल संपलेलं असताना भाव वाढेपर्यंत थांबायला कोणाला परवडतं?

नंदुरबारची मिरची डोंगरात पिकते का?

नाही, सपाटीवर. नंदुरबार बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची मोठी आवक होते. शहराबाहेर मोकळ्या माळांवर ती वाळवतात, त्या जागांना पथारी म्हणतात. दिवाळीनंतर गेलात तर एकरच्या एकर जमीन लाल दिसते. फोटो सुंदर येतात. त्या पथारीवर देठ खुडत दिवसभर बसणाऱ्या बायकांच्या हातांची आग मात्र फोटोत येत नाही.

लोक गुजरातला का जातात?

कारण खरीप आटोपल्यावर डोंगरात काम नसतं आणि सीमेपलीकडे असतं. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना ऊसतोड्या लागतो, सौराष्ट्रात शेतमजूर लागतो, सुरतेत बांधकामावर माणूस लागतो. मुकादम दसऱ्या-दिवाळीच्या आधी घरी येऊन उचल देतो. ती लग्नात, दवाखान्यात, बैलाच्या खरेदीत संपते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि मग हंगामभर उचल फेडत राहायचं. पोरं बरोबर जातात, शाळेच्या हजेरीपटावर नाव तेवढं राहतं. होळीला मात्र बहुतेकजण कसंही करून गावी येतात.

सपाटीवरची मजुरीही याच लोकांची. शहादा-तळोद्यातल्या जमिनींचा इतिहास इथे सांगायलाच हवा. सावकारी आणि कागदपत्रांच्या खेळात आदिवासींच्या पुष्कळ जमिनी इतरांकडे गेल्या आणि मालक आपल्याच शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी झाला. त्याविरुद्ध 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी आणि 1972 मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने शहाद्यात मोठं आंदोलन केलं. सालदारांचे पगार, पीकरक्षणाच्या नावाखालची मारहाण, गेलेल्या जमिनी असे प्रश्न रस्त्यावर आले. अंबरसिंग 1974 मध्ये, तरुण वयातच वारले. त्याच साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने केला. आज तापीवरच्या प्रकाशे आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमध्ये पाणी तुंबलेलं दिसतं, शहाद्याची पपई दिल्लीला जाते. ही समृद्धी कोणाच्या हातांनी उभी राहिली, हा प्रश्न पायथ्याच्या बैठकीत काढला की अजूनही विषय बदलतात.

सरदार सरोवरात किती गावं बुडाली?

महाराष्ट्राची 33, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. धरण गुजरातमध्ये आहे, पण त्याचं पाणी नर्मदेच्या दरीत मागे पसरत आलं. मणिबेली हे राज्यातलं पहिलं बाधित गाव. नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा 1979 चा. जागतिक बँक 1993 मध्ये प्रकल्पातून बाहेर पडली, ऑक्टोबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला वाट मोकळी केली आणि 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला.

अनेक कुटुंबांचं पुनर्वसन तळोदा, शहादा, अक्कलकुव्याच्या सपाटीवर वसाहतींमध्ये झालं. काहींना चांगली जमीन मिळाली, काहींना खडकाळ. काही कुटुंबं वरच राहिली आणि त्यांचे पाडे आता बेटांसारखे झालेत. तिथे ये-जा होडीने. आरोग्य कर्मचारी लस घेऊन होडीतून जातात. नर्मदा बचाव आंदोलनाने याच गावांत जीवनशाळा सुरू केल्या, तिथे मुलं आपल्या बोलीतून शिकू लागली.

वाट्याचं म्हणाल तर लवादाने महाराष्ट्राला 27 टक्के वीज आणि सुमारे 10.89 टीएमसी पाणी दिलं. ते पाणी डोंगरातून बोगद्याने तापीकडे वळवण्याच्या योजनेवर वर्षानुवर्षं बैठका चालू आहेत. म्हणजे तेही आलं तर सपाटीलाच.

होळीला यायचं आहे. कधी, कुठे?

सर्वांत प्रसिद्ध ती काठीची राजवाडी होळी, अक्कलकुवा तालुक्यात मोलगीच्या वाटेवर. पौर्णिमेच्या रात्रभर ढोल वाजतात, नाच चालतो, आणि होळी पेटते ती पहाटे. मधोमध उंचच्या उंच बांबू उभा करतात. तो खड्डाही हाताने खणायचा असा दंडक आहे. त्याआधीच्या आठवड्यात धडगाव वगैरे ठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतात. कपडे, चांदी, हारकंगण, गूळ-डाळ्या, सगळी खरेदी तिथे. काठीनंतरही पुढचे काही दिवस वेगवेगळ्या गावांच्या होळ्या असतात, म्हणजे एक चुकली तर दुसरी सापडेल.

अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुक्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ, तो बुध्या. हे ‘कलाकार’ नसतात. नवस बोललेले असतात आणि कितीतरी दिवस पालनी पाळतात: जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, खाण्यापिण्याचे नियम सांभाळायचे. त्यांना ‘जरा इकडे बघा’ म्हणत हात धरून ओढणारे पाहुणे दरवर्षी दिसतात. तसं करू नका.

तिथे शेवभाजी मिळेल का?

धडगाव, मोलगीच्या हॉटेलात मिळेल. पाड्यावर ज्वारीची किंवा मक्याची भाकर, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी आणि तिखट चटणी. उडदाची ती डाळ सपाटीवर तशी जमत नाही.

रेल्वे आहे?

सुरत-भुसावळ मार्ग नंदुरबारवरून जातो. तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. डोंगरात रेल्वे नाही. त्याच मार्गावरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. बाकाच्या मध्यावर सीमारेषा रंगवलेली आहे, तिथे बसून फोटो काढल्याशिवाय कोणी जात नाही.

वर जायला तळोद्याहून चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून देवगोई घाट. पावसात दोन्हीकडे दरडी येतात. अशा वेळी गरोदर बाईला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या खऱ्या असतात.

जिल्ह्याला ‘मागास’ का म्हणतात?

आकड्यांवरून. 2011 मध्ये साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. कुपोषण, बालमृत्यू, मानव विकास निर्देशांक, सगळ्या याद्यांत नाव तळाशी. 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे चार जिल्हे आले त्यांत नंदुरबार होता. देशातलं पहिलं आधार कार्ड 2010 मध्ये शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिलं गेलं, पंतप्रधान स्वतः आले होते. कार्ड मिळालं, पण टेंभलीची माणसं त्यानंतरही कामाला बाहेरच जात राहिली.

आकडे खोटे नाहीत. पण ज्या डोंगराने आपली मजुरी, कैरी, लाकूड आणि नदीची दरी खाली पाठवली, त्याच्या बदल्यात वर काय गेलं याचा रकाना कुठल्याच यादीत नसतो.

आमचूर थेट विकत घेता येईल का?

येईल. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोलगीच्या किंवा धडगावच्या आठवडे बाजारात या, पिशवी आपली आणा. चकत्या पांढऱ्या आणि कडक बघून घ्या. वाकत असतील तर ओल राहिली आहे, पावसाळ्यात बुरशी धरेल. बाजार दुपारी दोनला ओसरतो. भाव व्यापाऱ्याला विचारू नका, टोपली घेऊन बसलेल्या बाईला विचारा आणि ती सांगेल तो द्या. तुमच्या शहरातल्या दुकानापेक्षा तो कमीच असतो.